‘झालं’च्या रकान्यातली आई

अन्याय झाला तो माझ्या आईवर. शुक्रवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. डोळ्यांच्या एका दवाखान्यात तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं, कुणी उठलं नाही, आणि रजिस्टरात तिच्या नावापुढं लाल पेनानं ‘गैरहजर’ असं लिहिलं गेलं. त्या वेळी ती घरी मेथी निवडत बसली होती. आज आपलं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या संघटनेच्या पत्रकात असं वाक्य आलं की पुढं मोठ्या टायपात ‘याला जबाबदार कोण?’ असं विचारायची आमची पद्धत आहे. उत्तर नेहमी तयार असतं. प्रशासन. या वेळी जबाबदार मी होते, म्हणून टाइप लहान ठेवलाय.

‘गैरहजर’ हा शब्द इतर कुणाला लागला नसता इतका आईला का लागला, ते आधी सांगते. ती शाळेत शिपाई होती. एकतीस वर्षं तिनं घंटा वाजवली. एकदा तापानं फणफणलेली असताना रिक्षा करून गेली, घंटा वाजवली आणि मगच मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर आडवी झाली. वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून ऐकता ऐकता ती इतकं स्वच्छ वाचायला शिकली, की आमच्या कॉलनीच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने ग्रंथ वाचायचा मान तिच्याकडं आला. रोज संध्याकाळी पांढरी साडी, चष्मा, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा आवाज.

यंदा त्यात गडबड झाली. डोळ्यांपुढं दुधासारखं यायला लागलं, आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. पाठ होतं तेवढं म्हणायची, अंदाजानं पान उलटायची. एके दिवशी एका जागी दोन पानं एकदम उलटली, आणि पुढच्या ओळीत बसलेल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ते पकडलं. त्या प्रेमळपणे म्हणाल्या, “ताई, दमला असाल तुम्ही. समारोपाला आमची सून वाचंल.” अश्विन पौर्णिमेचा समारोप म्हणजे शेवटचं वाचन. सून चांगली आहे, पण ती ग्रंथ असा वाचते, जसा मी सरकारी आदेश वाचते. संशयानं.

घरी येऊन आई एवढंच म्हणाली, “पौर्णिमेच्या आत डोळा करून टाक माझा.” एवढी एकच मागणी. निवेदन नाही, घोषणा नाही. मी म्हटलं, झालंच समज.

आणि इथंच माझा बोर्ड आला.

संघटनेच्या एका शिबिरात आम्हाला हे ॲप दाखवलं होतं. मोबाइलच्या पडद्यावर तीन रकाने. करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, वाटलं तर त्यावर फोटो, तातडीचं असेल तर लाल पट्टी. काम पुढं गेलं की बोटानं कार्ड उचलून शेजारच्या रकान्यात सोडायचं. ‘झालं’मध्ये सोडलं की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले जातात. मी तोवर कामं जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होते आणि ती पत्रकं कुणालातरी वाटून मोकळी होत होते. क्रांती चौकात एका माणसाच्या हाती आमच्या मागण्यांसोबत आमच्या घरची किराण्याची यादीही गेली आहे. त्यामुळं बोर्ड बघून मला अक्षरशः क्रांती दिसली. संघटनेचा बोर्ड केला, माझा केला, आणि रविवारी घराचा करायला घेतला.

आमच्या घराला बोर्ड नव्हता असं नाही. फ्रीजचा माथा होता. आईची पद्धत अशी, की जे काम करायचं ती वस्तू फ्रीजवर ठेवायची. गॅसची भेगाळलेली नळी, मिक्सरचं भांडं, अंगठा तुटलेली चप्पल, गोळ्यांची रिकामी डबी. डोळे तपासून दिलेला दवाखान्याचा कागदही तिथंच, वाटीखाली. काम होईस्तोवर वस्तू खाली उतरायची नाही. उतरली की झालं. येता-जाता डोळ्यासमोर, अंधुक दिसलं तरी हाताला लागणारं.

मी त्याला ‘अडगळ’ म्हटलं. एकेका वस्तूचा फोटो काढला, कार्ड केलं, आणि वस्तू खाली उतरवून फ्रीज ओल्या फडक्यानं पुसला. कार्डांवरची भाषा हातात बसली होती तीच आली. ‘गॅसची नळी तात्काळ बदललीच पाहिजे.’ ‘मिक्सरच्या भांड्याला न्याय द्या.’

आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “त्याला कशाचा न्याय? वायसर पायजे त्याला.”

दवाखान्याचा कागद मी फाइलला लावला आणि कार्ड केलं, ‘आईची मोतीबिंदू शस्त्रक्रिया.’ लाल पट्टी. मग गंगापूरला दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, बोर्डात घेतलं. आईच्या मोबाइलवरही ॲप टाकलं. जिला डोळ्यांपुढचं ताट धड दिसत नाही, तिच्या हातात मी नखाएवढी कार्डं दिली आणि म्हटलं, आता घरात पारदर्शकता आली.

मंगळवारी दवाखान्याला फोन लावला.

“नोंद झाली मॅडम,” पलीकडची बाई म्हणाली. “पुढच्याच्या पुढचा शुक्रवार. सकाळी दहाला. बीपी-शुगरचा रिपोर्ट घेऊन या.”

“नोंद कुठं केली?”

“रजिस्टरात.”

“पान नंबर सांगा.”

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला. मग, “मॅडम, तुम्ही पत्रकार आहात का?”

“नागरिक आहे.”

पान नंबर मिळाला. तो मी कार्डात लिहिला, त्याखाली तारीख लिहिली, आणि कार्ड उचलून ‘झालं’मध्ये सोडलं. कागदाचे तुकडे उधळले गेले. मला बरं वाटलं.

हे मूर्खपणाचं वाटत असेल, पण ज्यांनी चळवळीत चार वर्षं काढली आहेत त्यांना विचारा. आमच्याकडं काम होणं म्हणजे काम होणं नसतं. निवेदन लिहायचं, आवक खिडकीवर द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून पोच घ्यायची, शिक्का दिसेल असा फोटो काढायचा, पाठवायचा. संघटनेतले सगळ्यांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते सांगतात, “पोच मिळाली की अर्धं काम झालं.” उरलेल्या अर्ध्याचं काय होतं हे आम्ही कुणी बघितलेलं नाही, त्यामुळं मी पूर्णांकात धरत आले. आईच्या डोळ्याची पोच मला मिळाली होती. पान नंबरासकट.

आईला तोंडानं सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, गरजच वाटली नाही. बोर्डावर लावलंय ना. नोटीस लावली म्हणजे कळवलं. आणि हे ॲप झालेल्या कामाची आठवण करून देत नाही. का द्यावी? आई मात्र रोज फ्रीजच्या माथ्याकडं बघत होती. तिथून कागद उतरला होता. तिच्या कायद्याप्रमाणं याचा अर्थ पोरीनं मनावर घेतलंय, बोलवतील तेव्हा जाऊ. ती थांबली. एकतीस वर्षं हाक आल्यावर उठायची सवय.

तो शुक्रवार आला तेव्हा मी क्रांती चौकात होते. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून आमचं धरणं होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी मी माइकवरून विचारत होते, “आमच्या आयाबहिणींकडं बघायला कुणाला वेळ आहे का?”

रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे सगळी कामं बंद. आई कंबरेत वाकून ड्रममध्ये पाइप धरून उभी होती, आणि मी मागं कळश्या लावत होते. तेवढ्यात दारात ताई. गंगापूरहून पहिल्या एसटीनं आलेली, हातात लाडवांचा डबा, खांद्याला पिशवी.

“उठलीस कशाला?” ती दारातूनच ओरडली. “खाली बस. वाकायचं नाय.”

“मग पाणी काय तू भरती व्हय?” आई म्हणाली.

ताईनं पिशवी टाकली, आईच्या हातातला पाइप काढून माझ्या हातात दिला, आणि आईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. “पट्टी कुठंय? कोणता डोळा केला?”

“कशाचा?”

“ऑपरेशनचा.”

“कुणाच्या ऑपरेशनचा?”

ताईनं मोबाइल काढला. आदल्या दिवशी तिनं बोर्ड उघडला होता, कार्डात शुक्रवारची तारीख पाहिली होती आणि वर रकान्याचं नाव वाचलं होतं. तिच्या सासरी साधी माणसं आहेत. त्यांच्याकडं ‘झालं’ म्हणजे झालं. आईनं मोबाइल नाकाजवळ धरला, मग लांब धरला. “काय लिवलंय?”

“आईची मोतीबिंदू शस्त्रक्रिया. झालं.”

“आसं व्हय.” आईनं दोन्ही डोळे मिटून उघडून पाहिले. “मला कसं कळलं नाय मग? लईच हलक्या हाताचा डॉक्टर दिसतोय.”

मी पाइप धरून उभी होते. ड्रम भरून वाहायला लागला होता. ताईनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. लहानपणापासून तिला माझ्या तोंडावरून कळतं. “तू पोच घेतलीस,” ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

तिनं पिशवीतून काळा चष्मा काढला. ऑपरेशननंतर लागतो म्हणून बसस्टँडवरून आणलेला. आई म्हणाली, आणलाय तर वाया कशाला घालवायचा, आणि तो लावून उरलेलं पाणी भरलं. गल्लीतल्या दोघी-तिघी तब्येत विचारायला आल्या. लाडू संपले.

सोमवारी आम्ही दवाखान्याच्या खिडकीवर उभ्या राहिलो. खिडकीतली बाई माझ्याच वयाची होती. फोनवरची तीच. तिनं पान उलटलं.

“शुक्रवारी पुकारलं की. दहा वीसला. तीनदा.”

“पुढं काय लिवलंय?” आईनं मला विचारलं.

मला दिसत होतं. मी मुद्दाम पिशवीत काहीतरी शोधायला लागले. खिडकीतल्या बाईनंच वाचलं, “गैरहजर.”

“म्या?”

 आईनं त्या रजिस्टरावर बोट ठेवलं. तिला अक्षरं दिसत नव्हती, पण लाल रंग दिसत असावा, कारण बोट नेमकं तिथंच पडलं. “एकतीस वर्षांत एक नाय,” ती त्या बाईला म्हणाली. तक्रार नव्हती ती. माहिती दिल्यासारखं म्हणाली.

नवी तारीख दिवाळीनंतरची मिळत होती. म्हणजे पौर्णिमा गेली, समारोप गेला, सून वाचणार. माझ्या पिशवीत संघटनेचं लेटरहेड कायम असतं. मी तिथंच भिंतीला टेकवून लिहायला लागले. ‘प्रति, माननीय… विषय: ज्येष्ठ महिलेवरील अन्याय तात्काळ दूर करणेबाबत.’ अन्याय कुणी केला या जागी पेन जरा अडखळलं, पण कर्मणी प्रयोगानं निभावून नेलं. खिडकीतल्या बाईनं ते शांतपणे घेतलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला आणि परत दिली.

“मिळाली पोच?” आईनं विचारलं.

“मिळाली.”

“मग झालं का?”

मला आजवर पोलिसांनी, अधिकाऱ्यांनी, एकदा तर एका नगरसेवकाच्या भावानं प्रश्न विचारलेत. या प्रश्नावर मी पोचेची घडी घालून ती पिशवीत ठेवली.

आईनं मला कोपरानं बाजूला केलं आणि खिडकीत वाकली. “बाई, कुणी आलं नाय तर त्याची जागा रिकामी ऱ्हाती ना?”

“राहते कधीकधी. पण ते सांगता येत नाही. रोज येऊन बसावं लागंल. रिपोर्ट जवळ पाहिजे.”

“बसते की.”

मंगळवारी तिनं रिपोर्ट काढून घेतला. बुधवारपासून साडेनऊला ती त्या बाकावर. डब्यात पोळी-भाजी, हातात रिपोर्ट. मी सोबत जायचे, कारण दुसरं काय करणार. पहिल्या दिवशी ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की खिडकीतल्या बाईचा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही आणि म्हातारी माणसं कानावर हात धरून एकमेकांना विचारतात. तेव्हा ती उठून खिडकीजवळ उभी राहिली, आणि बाईनं नाव वाचलं की पाठोपाठ तेच नाव आई घ्यायची. शाळेच्या मैदानावर तयार झालेला आवाज तो. वरच्या मजल्यावरून एक डॉक्टर वाकून बघून गेले. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण दुपारी त्या बाईनं तिच्यासाठी चहा मागवला.

शुक्रवारी, पुन्हा दहाच्या सुमारास, एका आजोबांचं नाव आलं. कुणी उठलं नाही. आईनं दुसऱ्यांदा हाक मारली. मला कळत होतं की ही जागा रिकामी होतेय. मी मनातल्या मनात म्हणत होते, हळू घे, एवढं ओरडू नको. तिसऱ्या वेळी ती खिडकी सोडून निघाली, पायऱ्या उतरली, फाटकापर्यंत गेली, आणि तिथं रस्त्याकडं तोंड करून ते नाव इतक्या मोठ्यानं घेतलं की रिक्षावाले वळून बघायला लागले. मग थोडा वेळ थांबली. मगच परत आली.

“नाय आले,” तिनं बाईला सांगितलं.

बाईनं रजिस्टरात काहीतरी लिहिलं. मग आईचं नाव पुकारलं. आई तिच्यासमोर दोन फुटांवर उभी होती, तरी पुकारलं, बाकीच्यांना पुकारत होती तसंच.

“हजर,” आई म्हणाली.

आत नेताना मला म्हणाली, “त्या आजोबाला फोन लावायला सांग. त्याच्या घरीबी तुझ्यासारखीच असंल कुणीतरी.” बाईनं लावला. त्यांना ताप होता. त्यांना पुढची तारीख मिळाली. मी स्वतः विचारून खात्री केली, आणि पोच मागितली नाही.

डॉक्टरांनी दोन आठवड्यांनंतर थोडं वाचायला परवानगी दिली, नवा चष्मा मात्र महिन्यानंतर. ग्रंथाचा टाइप बारीक. मग मला माझं एकमेव कसब आठवलं. समारोपाला वाचायची पानं मी लॅपटॉपवर टाइप केली, पत्रकाच्या मथळ्याएवढ्या अक्षरांत, आणि छापून आणली. आईनं एक पान हातात धरलं, लांब केलं, आणि पहिली ओळ थेट वाचली. पाठ असल्यासारखी नाही. वाचल्यासारखी. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच कुकर बघून आले.

पौर्णिमेला विहार भरला होता. अध्यक्षीणबाई पुढं, सून त्यांच्या शेजारी, मी मागं खिरीच्या पातेल्याजवळ. ताई गंगापूरहून आली होती. आईनं वाचायला घेतलं आणि कुठं अडली नाही, कुठं दोन पानं एकदम उलटली नाहीत. शेवटचं पान आलं. शेवटचं वाक्य आलं. आणि त्याच संथ, गंभीर आवाजात, श्वास न तोडता, ती पुढं वाचत गेली, “येत्या मंगळवारी सकाळी ठीक अकरा वाजता क्रांती चौकात मोठ्या संख्येनं उपस्थित राहावं. येताना पाण्याची बाटली सोबत आणावी. आता माघार नाही.”

मी पानं मंगळवारच्या धरण्याच्या पत्रकाच्या फाइलमध्ये टाइप केली होती. वरचा मजकूर बदलला. तळ राहिला.

 मग पुढच्या ओळीतून सुरू झालं आणि सगळा विहार म्हणाला, “साधु, साधु, साधु.”

घरी आल्यावर मी विचारलं, “आई, तुला कळलं नाही का ते वेगळं आहे?”

“कळलं की.”

“मग?”

“छापलंय ते वाचायचं. मधलं सोडलं की लोक बोलतात.”

मंगळवारी अकरा वाजता क्रांती चौकात आमच्या नेहमीच्या अकरा माणसांशिवाय अर्धा विहार आला. पांढऱ्या साड्या, प्रत्येकीच्या हातात बाटली, पुढं अध्यक्षीणबाई. काका माझ्याजवळ आले. “एवढी बांधणी कधी केलीस?” मी म्हटलं, वर्षावासात.

फ्रीजचा माथा मी आईला परत दिलाय. बोर्डही ठेवलाय, पण त्याला एक नियम आहे, आणि तो आईचा आहे. ज्याचं काम आहे, ‘झालं’मध्ये कार्ड त्यानंच सरकवायचं. दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. मिक्सरच्या भांड्याचं कार्ड अजून ‘चालू’मध्ये आहे, कारण भांडं गळतंय. आई रोज सकाळी नव्या चष्म्यातून बोर्ड बघते आणि मला कार्डं मोठ्यानं वाचून दाखवते, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल अशी.

आता तुम्ही. तुमच्याकडं बोर्ड असेल, वही असेल, नुसतं डोकं असेल, त्यातला ‘झालं’चा रकाना उघडा. त्यात दुसऱ्याच्या कामाचं जे पहिलं कार्ड दिसेल, त्या माणसाला फोन लावा आणि विचारा, झालं का? मेसेज टाकू नका. फोन लावा. हे पान बाजूला ठेवा आणि आत्ता लावा.